बारा नारळ

नारळ बारा होते आणि बायका अकरा. हे त्या वखारीत फक्त मला ठाऊक होतं, कारण दोन नारळ माझ्या हातात होते.

भायखळ्याच्या भाजीबाजाराच्या अलीकडे ती लाकडाची वखार होती. रस्त्यावर गोळीबार सुरू झाला तेव्हा पहारेकऱ्याने दार अर्धं उघडलं आणि आम्ही आत घुसलो. आत सागाच्या फळ्या रचलेल्या, उजेड कमी, आणि बाहेर माणसं पळत असल्याचा आवाज. कुणी रडत होती, कुणी देवाचं नाव घेत होती. सुंदराकाकीने कुणाची विचारपूस केली नाही. म्हणाली, "नारळ वयर करा."

सगळ्यांनी नारळ डोक्याच्या वर धरले. मीही दोन्ही हात वर केले. काकीने नजरेनेच मोजले. "बारा. बरां झालां," म्हणाली आणि दाराच्या फटीतून बाहेर बघू लागली.

माझी नणंद शेवंता आमच्यात नव्हती. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आदल्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, वेगळी राहणार. ते ऐकून तिचा नवरा वसंता ताटावरून उठला तो घरी आलाच नाही. सकाळी आम्ही लालबागहून बोटीला निघालो तेव्हा ट्राम बंद होत्या, म्हणून चालत निघालो. कोपऱ्यावर शेवंताने आपला नारळ माझ्या हातात दिला. म्हणाली, "वहिनी, एवढा धर. हे गिरणीच्या फाटकाशी उभे आहेत म्हणतात. भाकरी देऊन येते. काकीला बोलू नकोस, ती सोडायची नाही. भायखळ्याला गाठते तुम्हाला."

मी धरला. चिंचपोकळीला काकीने पहिल्यांदा मोजणी केली तेव्हा दोन्ही हात वर केले. वखारीत दुसऱ्यांदा केले. तेव्हा मागून, लालबागच्या बाजूने, पुन्हा गोळ्यांचा आवाज आला. मग मात्र माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "काकी, हे दोन्ही माझ्याच हातातले आहेत. शेवंता लालबागला राहिली."

काकीने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तू माका खोटां मोजूक लावलंस," एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिने पदर कमरेला खोचला, स्वतःचा नारळ असलेली पिशवी खांद्याला लावली. बोट गेली तर जाऊ द्यायची, ती परत येईपर्यंत कुणी दार उघडायचं नाही, असं सांगितलं. पहारेकरी म्हणाला, "बाई, बाहेर मारतील." काकी म्हणाली, "माका मारून कोणाक काय गावतला?" आणि बाहेर पडली.

ही सुंदराकाकी कोण ते आता सांगते.

नाव सुंदरा, दिसायला काही नव्हती. उंच, काळी, तोंडावर देवीचे वण. नवरा गिरणीत साच्यावर होता, छातीत कापूस जाऊन जाऊन खोकत मेला. मूल नव्हतं. आमच्याच माळ्यावर, जिन्यालगतच्या खोलीत ती खानावळ चालवायची. सहा गडी जेवायला. वसंतासुद्धा लग्नाआधी चार वर्षं तिच्याकडेच जेवला. शेवंताचं स्थळ त्याला तिनेच सुचवलं, आणि लग्नात त्याच्या बाजूने तीच उभी राहिली, कारण त्याची आई गावी अंथरुणाला खिळलेली. गड्यांनी आमटी पातळ आहे म्हटलं तर काकी म्हणायची, पातळ नाही, लांबची आहे. म्हणजे काय ते कुणालाच कधी कळलं नाही, पण बोलणारा गप्प बसायचा.

तिला वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, पत्रं मीच वाचून दाखवायची. पण कोकणचा किनारा तिला आपल्या हाताच्या रेषांसारखा पाठ होता. सज्जात बसून ती कोकमाच्या सुकलेल्या बिया जमिनीवर मांडायची. ही जयगड, ही रत्नागिरी, ही विजयदुर्ग, ही देवगड, ही मालवण, ही वेंगुर्ला. वेंगुर्ल्याच्या खाली दोन बोटं जागा सोडून एक मोठी बी ठेवायची. ती गोव्याची. बायका भोवती बसून बघायच्या. कुठल्या बंदरात बोट हलते, कुठे मिठाचा वारा लागतो, कुठे उतरल्यावर गोड पाणी मिळतं, कुठे धर्मशाळेत ढेकूण आहेत, हे सगळं ती बीवर बोट ठेवून सांगायची.

आमच्या चाळीतल्या पुष्कळ घरांचे कुळदेव गोव्यात, फोंड्याच्या बाजूला. पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, किनाऱ्यावरची देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि खाडी ओलांडून आत डोंगरांत नेले. म्हणून ते सगळे एकमेकांजवळ आहेत, असं काकी सांगायची. बाप्यांना गिरणीतून रजा मिळायची नाही. बायकांना एकटं कोण पाठवणार? नवस राहून जायचे. म्हणून काकीने सुरू केलं. पावसाळा संपून बोटी चालू झाल्या की वर्षातून एकदा ती दहा-बारा बायकांना भाऊच्या धक्क्यावरून घेऊन निघायची आणि देव दाखवून परत आणून सोडायची.

देवांबद्दल ती आपल्या सासरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. हा रागीट आहे, इथे बडबड करायची नाही. ही भोळी आहे, हिला काय हवं ते मागा. ह्या देवळाची दीपमाळ बघायची तर संध्याकाळी. त्या देवळाची तळी जांभ्या दगडात खोदलेली, शेवटच्या तीन पायऱ्या शेवाळाच्या, तिथे पाय ठेवायचा नाही. देवळामागे सुपारीच्या बागा, त्यात पाटाचं पाणी, ते प्यायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा प्रत्येक गोष्ट तिने सांगितल्या जागी होती. शेवाळ खालून तिसऱ्या पायरीपासूनच सुरू होत होतं.

आता नारळाचं. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत. मोजली की त्यातलं एक कमी होतं, असं मानतात. घरात किती जण असं विचारलं तरी म्हातारी माणसं नावं सांगतात, आकडा सांगत नाहीत. पण बारा बायका घेऊन बोटीत चढायचं आणि मोजायचं नाही, हे जमायचं कसं? काकीने त्यातून वाट काढली. देवाला द्यायचा नारळ प्रत्येकीने निघाल्यापासून स्वतःच्या हातात धरायचा, पिशवीत टाकायचा नाही. काकी म्हणाली की वर करायचा. नारळ मोजले की झालं. नारळ मोजण्यात दोष नाही. स्वतःचा नारळ मात्र ती पिशवीत ठेवायची आणि स्वतःला कधी मोजत नसे.

वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर समुद्रात थांबायची आणि माणसांनी बोटीच्या बाजूच्या शिडीवरून खाली लहान होडीत, पडावात, उतरायचं. पडाव लाटेने खाली-वर व्हायचा. माझ्या पहिल्या खेपेला आमच्यातली एक जाडशी बाई शिडीच्या तोंडाशी बसली आणि म्हणाली मी मुंबईला परत जाते. मागे पन्नास माणसं खोळंबली. काकीने तिला समजावलं नाही. म्हणाली, "देवान खाडी ओलांडल्यान तेव्हा तेका कोणी शिडी दिल्यानी? तू देवापेक्षा मोठी काय गो?" आणि लाट वर आल्याबरोबर पाठीत हात घालून ढकललं. बाई नीट पडावात बसली. नारळ तिने सोडला नव्हता. पुढे ती वर्षानुवर्षं सांगत सुटली की आपण उडी मारली.

दुसऱ्या एका खेपेला हद्दीवर पाखल्याने आम्हाला अडवलं. गोरा शिपाई, आणि त्याच्याबरोबर भाषा सांगायला एक गोव्याचाच माणूस. नारळात काय आहे, असं त्याने विचारलं. काकी म्हणाली पाणी. तेव्हा नारळात भरून काहीबाही नेतात असा त्यांना संशय असावा. शिपाई म्हणाला फोडून दाखवा. काकीने आपला नारळ काढला आणि दोन्ही हातांनी त्या गोव्याच्या माणसापुढे धरला. म्हणाली, "फोड. देवीचो नारळ तुझ्या हातान फुटलो तर पुढचां काय तां तुझ्या घरार." तो माणूस मागे सरकला. त्याने शिपायाला काय सांगितलं देव जाणे, पण आम्हाला सोडलं. वाटेत काकी म्हणाली, "नारळ एकदाच फुटता. खंय फोडूचो तां आपण ठरवूचां."

मग हद्द बंद झाली. गोव्यात सत्याग्रही जाऊ लागले, गोळ्या चालल्या, आणि दोन्ही बाजूंनी जाणं-येणं थांबलं. मुंबईत मोर्चे सुरू होते ते वेगळेच. काकीचं म्हणणं होतं की मुंबई आमची म्हणून एवढं ओरडता, तर आमचे देव तिकडे अडकलेत त्याचं कोण बोलणार? पण ती नुसती बोलत बसणारी नव्हती. तिने ठरवलं की वेंगुर्ल्याला उतरून आरोंद्याला जायचं. आरोंद्याची खाडी म्हणजे हद्द. पलीकडचा काठ गोव्याचा. काठावर उभं राहून देवाच्या दिशेला तोंड करायचं आणि नारळ पाण्यात सोडायचा, भरतीने जाईल तिथे जाईल. त्यासाठी आम्ही त्या सकाळी निघालो होतो. शेवंता पहिल्यांदाच येत होती. तिच्या सासरची देवी आणि काकीची देवी एकच, म्हणून काकीनेच तिला नारळ घ्यायला लावला होता.

वखारीत आम्ही किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. बोटीची वेळ टळून गेली. गोळ्यांचा आवाज थांबायचा, मग पुन्हा यायचा. बायकांनी मला सोडलं नाही. ती पडावातली जाडी बाई म्हणाली, "तुझ्या जिभेला काय झालं होतं ग?" मी दोन्ही नारळ मांडीत धरून बसले होते. कुणी माझ्याजवळ बसलं नाही.

मग दारावर थाप पडली. काकी आत आली. तिने शेवंताचं मनगट धरलं होतं. शेवंताच्या लुगड्याला पुढून रक्त होतं, पण ते तिचं नव्हतं. तिला कुठे लागलेलं नव्हतं. तिची नजर कुणावर ठरत नव्हती. काकीची पिशवी रिकामी होती. तिने शेवंताला मध्ये उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बारा."

काकीने माणसावर हात ठेवून आकडा उच्चारलेला मी तेव्हा प्रथम ऐकला.

काय घडलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही शेवंताकडून, काही पिठाच्या गिरणीवाल्याकडून. वसंताला पोटात गोळी लागली होती. शेवंता भाकरी घेऊन पोहोचली तेव्हा तो पिठाच्या गिरणीच्या पायरीशी पडला होता. सगळी दारं बंद. गिरणीवाला आतून फटीतून बघत होता, त्याची दार उघडायची छाती झाली नाही, हे त्यानेच कबूल केलं. काकी रस्त्याच्या मधोमध चालत आली. एका पोलिसाने बंदूक रोखली तर तिने पिशवीतला नारळ काढून वर धरला आणि चालत राहिली. वसंता पाणी मागत होता. पाणी कुठेच नव्हतं. काकीने नारळ पायरीच्या कडेवर आपटून फोडला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी त्याच्या तोंडात घातलं. तो सगळं प्यायला. म्हणाला, "काकी, गोड आहे."

मग दोन पोरगे हातगाडी घेऊन आले. त्यांनी वसंताला गाडीवर घातलं आणि इस्पितळाकडे पळाले. शेवंता मागे धावणार, तेवढ्यात पुन्हा गोळीबार सुरू झाला. काकीने तिला मनगटाला धरून भिंतीच्या कडेने ओढत आणलं. शेवंताने तिचा हात चावला. तो व्रण काकीच्या अंगठ्याजवळ शेवटपर्यंत होता.

वसंताने दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात प्राण सोडला. शेवंता पोहोचली तेव्हा त्याला झाकलेलं होतं. तिथे कुणीतरी, डॉक्टर नव्हे, नुसता वॉर्डात काम करणारा कुणी, म्हणाला की पोटात गोळी असताना ह्याला पाणी कुणी पाजलं? शेवंताने तेवढंच धरलं. पाणी पाजलं म्हणून तो गेला, आणि मला ओढून आणलं म्हणून तो एकटा गेला. हे ती काकीच्या तोंडावर बोलली, सगळ्या सज्जासमोर. काकीने ऐकून घेतलं आणि चुलीकडे गेली. पाण्याने गेला की गोळीने, हे मला माहीत नाही. काकीलाही नव्हतं. एकदा ती मला म्हणाली होती की सहा गड्यांना जेवायला घालते, भुकेचं कळतं, गोळीचं काय कळणार? 

आणि माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी कोपऱ्यावरच सांगितलं असतं तर काकीने शेवंताला जाऊ दिलं नसतं, आणि वसंता तहानलेला मेला असता. किंवा आणखी काही झालं असतं. मी ते पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलंय. काही निघत नाही.

शेवंता आमच्याच खोलीत राहायला आली. गिरणीत रिळाच्या खात्यात लागली. काकीचं दार आमच्यापासून चार पावलांवर. शेवंता तिच्याशी एक शब्द बोलत नसे. नळावर काकी आली की ही बादली उचलून जायची. ते बारा नारळ काकीने आपल्याकडे घेतले होते. देवाला बोललेला नारळ, तो फोडायचा नाही, स्वयंपाकात घालायचा नाही. तिने ते दोरीने जोडून पोटमाळ्याच्या वाशाला टांगले. जेवायला येणारे गडी थट्टा करायचे, "काकी, एक घाला की आमटीत, घट्ट होईल." ती म्हणायची, "हात लाय, बोट तोडतंय." वर्ष गेलं, दोन गेली. नारळ सुकले. पोटमाळ्यावर कुणी चाललं की ते हलायचे आणि आत खोबऱ्याचे गोटे खडखडायचे. तो आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा. शेवंता तेव्हा काही करत असली तर थांबायची.

मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य मिळालं त्या संध्याकाळी चाळीत दिवे लावले. ज्यांच्या घरचं माणूस गोळीबारात गेलं त्यांच्या दाराशी आधी दिवा लावायचा असं ठरलं. आमच्या दाराशी कुणी लावायचा यावर बायकांची कुजबुज चालली होती. काकी पणती घेऊन आली, उंबऱ्याबाहेर ठेवली, वात पेटवली आणि गेली. शेवंता बाहेर आली, वाकली आणि फुंकर मारून विझवली. सगळ्या सज्जाने पाहिलं. काकीनेही. थोड्या वेळाने मी ती पुन्हा लावली. ती मात्र शेवंताने राहू दिली.

त्यानंतर गोवा मोकळा झाला. काकी तोवर थकली होती, गुडघे गेले होते, तरी पुढच्या हंगामात ती बोटीला निघाली. वाशावरून तेच बारा नारळ उतरवले, पुसले, जिचा तिला दिला. शेवंता येईल असं मला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "नारळ माझा आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही." ते ती माझ्याकडे बघून म्हणाली.

आमच्यातल्या दोघी येऊ शकल्या नाहीत. त्यांचे नारळ इतरांनी घेतले. म्हणजे पुन्हा नारळ बारा आणि बायका कमी. पण काकीने नारळ मोजलेच नाहीत. धक्क्यावर, पडावात, मोटारीत चढताना ती प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने आकडा म्हणायची. एक, दोन, तीन. म्हाताऱ्या बायकांना ते आवडलं नाही. एकीने सांगितलंही की काकी, असं करू नये. काकी म्हणाली, "माका ठावक आसा." शेवंताच्या डोक्यावर ती हात टेकवत नसे, वर थोडा धरायची आणि दहा म्हणायची.

आरोंद्याची खाडी ओलांडायची गरज पडली नाही, मोटार बांद्यावरून सरळ आत गेली. पाखल्यांची चौकी ओस पडली होती. फोंड्याच्या बाजूला आम्ही एकेक देऊळ करत गेलो आणि एकेक नारळ कमी होत गेला. शेवटचं देऊळ काकीच्या देवीचं. पितळी समया, मागे सुपारीची बाग, सगळं तसंच होतं. तिथे द्यायचा एकच नारळ उरला होता, शेवंताचा. आम्ही बाकीच्या खांबांशी उभ्या राहिलो.

पुजाऱ्याने शेवंतापुढे तबक धरलं, मग काकीकडे बघून विचारलं, तुमचा नारळ? बाहेर दुकान आहे, नवीन मिळेल, असंही म्हणाला.

काकी म्हणाली, "माझो फुटलो. लालबागाक."

पुजाऱ्याला काय कळणार. तो तबक घेऊन तसाच उभा. शेवंताने आपला नारळ दोन्ही हातांत धरला होता. तिने तो हलवून पाहिला, आतला गोटा वाजला. मग तबकात ठेवला आणि पुजाऱ्याला म्हणाली, "ह्यो दोघींचो."

गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. काकीने देवीला हात जोडले, गुडघ्यांवर हात ठेवत पायऱ्या उतरली, आणि खाली तळीच्या काठाला शेवाळापासून दूर बसली. शेवंता तिच्यापासून एक हात सोडून बसली. मी वरून पाहत होते. परत आल्यावर पावसाळ्यात काकी गावी गेली. ती वारल्याचं पत्राने कळलं, पण डोळ्यांनी मी तिला नीट पाहिली ती त्या तळीच्या काठीच.

त्या सकाळी लालबागहून काकी धरून आम्ही तेरा जणी निघालो होतो. तेराही जगलो. वसंता गेला.